कामाचा ताण हा कामगाराचा दोष नव्हे

जालना म्हटले की बियाणे आणि लोखंडी सळया. शहरालगतच्या एमआयडीसीत भंगार वितळवून सळया तयार करणाऱ्या भट्ट्या रात्रंदिवस चालतात. तिथे ठेकेदाराकडे राबणारे आपल्या वस्त्यांतील तरुण असोत की शाळा, बँक, दवाखान्यात नोकरी करणारे समाजबांधव, बोलायला बसले की आम्हाला तेच ऐकू येते. झोप लागत नाही, पित्त वाढले, घरात पाय ठेवताच लेकरांवर ओरडणे होते, गुटख्याच्या पुड्या वाढल्या. 'ताण' हा शब्द मात्र कोणी उच्चारत नाही. ताण आला म्हणजे माणूस मनाने कच्चा, हा समज पक्का बसला आहे.

हा समज चुकीचा आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट करासेक यांनी 1979 मध्ये मांडले की नुसत्या जास्त कामाने माणूस खचत नाही. काम भरपूर, पण ते कसे आणि कधी करायचे हे ठरवण्याचा अधिकार शून्य, अशी स्थिती असेल तेव्हा तो खचतो. कारखान्याच्या मालकालाही धावपळ असते, पण कधी थांबायचे हे तो स्वतः ठरवतो. भट्टीपुढच्या कामगाराला पाणी प्यायला जायचे तरी मुकादमाकडे बघावे लागते. पाळी बदलल्याचे आदल्या रात्री कळते, एक खाडा पडला तर हजेरी जाते, आणि उचल घेतलेली असल्याने काम सोडताही येत नाही. वर जिवाची भीती. भट्टीतल्या स्फोटात कामगार भाजल्याच्या बातम्या जालन्याला नवीन नाहीत.

आपल्या माणसांच्या बाबतीत यात आणखी एक ओझे असते. नव्या ठिकाणी रुजू होताच 'पूर्ण नाव काय, गाव कुठले' अशी विचारणा होते, तेव्हा खरा प्रश्न कोणता आहे हे दोघांनाही ठाऊक असते. मग चूक होऊ नये म्हणून दुप्पट काम करायचे, आणि तरीही 'कोट्यातून आलेला' हे ऐकायचे. हे जुनेच आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खात्यात मजुरी जास्त होती, पण धागा तोंडाने ओढावा लागे म्हणून अस्पृश्यांना तिथे घेत नसत. बाबासाहेबांनी 1928 च्या संपाच्या वेळी हा प्रश्न लावून धरला होता.

विपश्यना करा, असा सल्ला हमखास मिळतो. साधनेचा उपयोग आहेच. पण शिबिर दहा दिवसांचे असते. पगारी रजा असलेला कर्मचारी इगतपुरीला जाऊ शकतो. रोजावरच्या कामगाराची दहा दिवसांची मजुरी बुडते, कदाचित कामही जाते. शिवाय दुःखाला कारण असते, हे आपल्याला तथागतांनीच शिकवले. कारण बारा तासांची पाळी असेल, तर नुसता श्वास पाहून ती आठ तासांची होत नाही.

तास कमी व्हावे लागतात कायद्याने. मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी 1946 मध्ये मांडलेल्या दुरुस्ती विधेयकामुळे बारमाही कारखान्यांतील आठवड्याचे तास 54 वरून 48 वर आले. सप्टेंबर 2025 मध्ये मात्र राज्य मंत्रिमंडळाने कामगाराच्या लेखी संमतीने दिवसाची मर्यादा 9 वरून 12 तासांवर नेण्यास मंजुरी दिली. ठेकेदाराच्या माणसाने 'संमती नाही' म्हणायचे तरी कसे, हे कोणी सांगितलेले नाही.

व्यवस्थापनाने मनावर घेतले तर बरेच करता येते, आणि त्याला खर्चही फारसा नाही: पाळ्यांचा तक्ता आठवडाभर आधी लावणे, भट्टीपुढची माणसे ठराविक वेळाने बदलणे, बसायला सावली, थंड पाणी. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे महिलांच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती 2013 च्या कायद्याने बंधनकारक आहे. ती नुसती फलकावर नको.

आपल्या बाजूने म्हणाल, तर रविवारी विहारात वंदनेनंतर अर्धा तास नोकरीतल्या अडचणींवर बोलायला ठेवावा. तिथे निदान 'मनाने कच्चा' असे कोणी म्हणणार नाही. झोप दोन-तीन आठवडे उडाली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर 14416 या टेलीमानस क्रमांकावर फोन करावा. तो मोफत आहे, मराठीत बोलता येते. आणि खिशात एक लहान वही ठेवावी. कामावर किती वाजता आलो, किती वाजता सुटलो, हे रोज तारखेसह लिहावे. जादा तासांची दुप्पट मजुरी मागायला कामगार अधिकाऱ्याकडे जाल, तेव्हा हीच वही पुढे ठेवता येईल.