बुडखा तासणारे दात : निवड आणि निगा

झाड तोडल्यानंतर जमिनीत उरणारा बुडखा काढण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग तो मुळांसकट उपटण्याचा. महाराष्ट्रात हे काम बहुधा जेसीबीने केले जाते आणि त्यात मोठा खड्डा पडून आसपासची फरसबंदी, कुंपण, पाण्याची वाहिनी किंवा शेजारच्या झाडांची मुळे यांना इजा पोहोचते. दुसरा मार्ग बुडखा जागच्या जागी तासून त्याचा भुसा करण्याचा, आणि त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या यंत्राला स्टंप ग्राइंडर म्हणतात. अमेरिकेच्या आयोवा राज्यातील पेला येथील व्हर्मीर कंपनीने १९५०च्या दशकात बाजारात आणलेले हे यंत्र आता अनेक कंपन्या बनवतात, आणि हाताने ढकलायच्या छोट्या यंत्रापासून ट्रॅक्टरला जोडायच्या अवजड यंत्रापर्यंत त्याचे अनेक प्रकार मिळतात. इंजिन कितीही शक्तिशाली असले, तरी लाकडाशी प्रत्यक्ष गाठ पडते ती चाकावर बसवलेल्या बोटभर दातांची. ते बोथट झाले, की इंजिनाची बरीचशी शक्ती उष्णता, धूर आणि हादरे यांतच खर्ची पडते. त्यामुळे या यंत्राचा खर्च, वेग आणि सुरक्षितता यांचा हिशेब दातांच्या निवडीपासून आणि निगेपासून सुरू होतो.

दाताची घडण

यंत्राचा मुख्य भाग म्हणजे वेगाने फिरणारे जाड पोलादी चाक. हे चाक बुडख्यावरून डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे झुलवले जाते व प्रत्येक फेरीनंतर थोडे थोडे खाली उतरवले जाते. चाकाच्या दोन्ही अंगांना पोलादी बैठका असतात, त्यांना पॉकेट म्हणतात, आणि प्रत्येक पॉकेटमध्ये बोल्टने एकेक दात आवळलेला असतो. पारंपरिक पद्धतीच्या दाताचा दांडा कणखर पोलादाचा असतो आणि त्याच्या टोकाला टंगस्टन कार्बाइडचा छोटा तुकडा बसवलेला असतो. काही दात सरळ, काही डावीकडे वळलेले आणि काही उजवीकडे वळलेले असतात. सरळ दात चाकाच्या रेषेतले लाकूड खोदतात, तर वळलेले दात कडेचे लाकूड कापून चाकाला मोकळी वाट करून देतात. ही वाट पुरेशी रुंद झाली नाही, तर चाकाची बाजू आणि पॉकेट लाकडावर घासू लागतात. दातांचा क्रम उत्पादकाने ठरवलेला असतो तो याच कारणासाठी, आणि दात बदलताना तो मोडता कामा नये.

टंगस्टन कार्बाइड म्हणजे टंगस्टन आणि कार्बन यांचे अतिशय कठीण संयुग. त्याची पूड कोबाल्ट या धातूच्या पुडीत मिसळून, साच्यात दाबून, सुमारे १४०० अंश सेल्सियसला भाजली, की वितळलेला कोबाल्ट कार्बाइडच्या कणांना घट्ट बांधून ठेवतो. जर्मनीतील ओसराम या विद्युतदिव्यांच्या कंपनीत टंगस्टनची तार ओढण्यासाठी हिऱ्याच्या महागड्या साच्यांना पर्याय शोधला जात असताना, १९२३ साली कार्ल श्रोटर यांनी ही प्रक्रिया सिद्ध केली. पुढे क्रुप कंपनीने हा पदार्थ ‘विडिया’ या नावाने विकला, आणि आपल्याकडच्या वर्कशॉपमध्ये कार्बाइडच्या तुकड्याला आजही विडियाच म्हणतात. कोबाल्टचे प्रमाण कमी ठेवले, की तुकडा अधिक कठीण होतो पण ठिसूळही होतो; प्रमाण वाढवले, की तो आघात सोसतो पण लवकर झिजतो. दाताची निवड करताना कठीणपणा आणि चिवटपणा यांच्यातला हा तोल मुख्यतः पाहावा लागतो.

दात बोथट करते ती जमीन

कार्बाइडच्या तुलनेत लाकूड फारच मऊ असते. नुसते स्वच्छ लाकूड तासायचे असेल, तर दात दीर्घकाळ टिकतो. त्याची खरी झीज होते ती बुडख्याभोवतीच्या माती, वाळू आणि दगडांमुळे. वाळूतील गारेचे बारीक कण कार्बाइडपेक्षा कमी कठीण असले, तरी ते कार्बाइडच्या कणांमधला मऊ कोबाल्ट खरवडून काढतात. मग आधार सुटलेले कार्बाइडचे कण एकेक करून गळतात आणि धार गोलसर होत जाते. मोठ्या दगडाची इजा वेगळ्या प्रकारची असते. दगडावर आदळताच ठिसूळ तुकड्याचा टवका उडतो किंवा तो पूर्णच निखळतो.

त्यामुळे दात निवडण्यापूर्वी जमीन पाहावी लागते. दख्खनच्या पठारावर काळ्या मातीत बेसॉल्टचे गोटे मिसळलेले असतात, कोकणात जांभ्याचा खडक मुळांना भिडलेला असतो, आणि किनारपट्टीवरच्या नारळाच्या बुडाशी हजारो तंतुमय मुळांचा गड्डा वाळू घट्ट धरून ठेवतो. शहरांत याहून निराळे धोके असतात. झाडाभोवतीचे काँक्रीट, पेव्हर ब्लॉक, खोडाने गिळलेली संरक्षक जाळीची तार आणि जाहिरातींच्या पाट्यांसाठी ठोकलेले खिळे यांपैकी काहीही दाताखाली येऊ शकते. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी बुडख्याभोवतीची माती कुदळ-फावड्याने बाजूला करणे, दगड वेचणे आणि शंका असल्यास हातात धरायच्या धातुशोधकाने खोड तपासणे हे दातांच्या निगेचे पहिले पाऊल ठरते. वीज, गॅस आणि पाणी यांच्या जमिनीखालच्या वाहिन्या कोठून जातात, याची खात्रीही याच वेळी करून घेतली पाहिजे.

निवड कशी करावी

स्वच्छ, मुरमाशिवायच्या जमिनीत पातळ आणि तीक्ष्ण कोनाचा दात लाकूड सफाईने कापतो आणि इंजिनावर कमी ताण येऊ देतो. दगडाळ जमिनीत तोच दात लवकर फुटतो. तेथे जाड, आखूड आणि बोथट कोनाचा तुकडा असलेला, चिवट प्रतीच्या कार्बाइडचा दात घ्यावा, मग कापण्याचा वेग थोडा कमी झाला तरी चालेल. पारंपरिक दाताला दुसरा पर्याय गोल डोक्याच्या दाताचा आहे. याच्या वर्तुळाकार कडेचा एक भाग झिजला, की बोल्ट सैल करून डोके ठरावीक अंशांनी फिरवतात आणि नवी धार पुढे आणतात. काही रचनांमध्ये अशा तीन धारा मिळतात. असा दात सुरुवातीला महाग पडतो, मात्र कामाच्या जागीच थोड्या वेळात नवी धार मिळत असल्याने, रोज अनेक बुडखे तासणाऱ्या व्यावसायिकाला तो परवडतो. वर्षातून दोनचार वेळा यंत्र चालवणाऱ्या बागायतदाराला साधा, पाजवता येणारा दात पुरेसा असतो. कोणताही दात घेताना दांड्याची जाडी, बोल्टचा व्यास आणि पॉकेटचा आकार यंत्राशी जुळतो ना, हे पाहणे बंधनकारक मानावे. एकाच चाकावर निरनिराळ्या पद्धतीचे दात मिसळू नयेत.

धार आणि बोल्ट

दात बोथट झाल्याची लक्षणे यंत्रच दाखवते. ढलप्यांऐवजी पिठासारखा भुसा पडू लागतो, चाक कापण्याऐवजी उड्या मारते, लाकडातून धूर येतो आणि तेच काम करण्यासाठी यंत्र जास्त दाबावे लागते. अशा वेळी काम तसेच रेटले, तर कार्बाइड संपून पोलादी दांडा झिजतो, त्यानंतर पॉकेट झिजते आणि शेवटी चाकालाच इजा होते. एका दाताची किंमत वाचवण्याच्या नादात सर्वांत महाग भाग गमावला जातो.

कार्बाइडला धार लावण्यासाठी हिऱ्याचे किंवा हिरव्या सिलिकॉन कार्बाइडचे चाक लागते. पोलादासाठीचे नेहमीचे करडे ग्राइंडिंग व्हील त्यावर चालत नाही. हिऱ्याचे चाक पोलादावर दाबल्यास तेच खराब होते, म्हणून पोलादाचा भाग आड येत असेल तर तो आधी साध्या चाकाने मागे घ्यावा. मूळ कोन कायम ठेवून, हलक्या हाताने आणि दात सतत हलता ठेवून धार लावावी. तापलेला दात पाण्यात बुडवणे ही सर्रास होणारी चूक आहे. कार्बाइड आणि पोलाद निरनिराळ्या प्रमाणात आकुंचन पावत असल्याने तुकड्याला सूक्ष्म तडे जातात. हा तुकडा दांड्याला ब्रेझिंगने, म्हणजे पोलादापेक्षा कमी तापमानाला वितळणाऱ्या मिश्रधातूने सांधलेला असतो, त्यामुळे अतिरेकी उष्णतेने तो सांधाही सैल होतो. धार लावताना उडणाऱ्या धुळीतील कोबाल्ट फुप्फुसांना घातक असल्याने योग्य मास्क व गॉगल वापरणे आणि धूळ खेचून घेण्याची सोय ठेवणे आवश्यक आहे.

दात बसवताना पॉकेटमधला चिकट भुसा आणि गंज तारेच्या ब्रशने साफ करावा, कारण मधे कचरा राहिला तर बोल्ट घट्ट वाटूनही काम सुरू झाल्यावर सैल पडतो. बोल्ट किती आवळायचा, याचे माप यंत्राच्या पुस्तिकेत दिलेले असते आणि ते मोजून देणाऱ्या टॉर्क पान्यानेच पाळता येते. ताणलेला किंवा आटे खराब झालेला बोल्ट पुन्हा वापरू नये, आणि नवे दात बसवल्यावर थोडा वेळ काम करून सर्व बोल्ट पुन्हा तपासावेत. एक दात फार झिजला असेल, तर त्याच्यासमोरचा दातही बदलावा. चाकाचा तोल बिघडला, तर त्याचे हादरे बेअरिंगपर्यंत पोहोचतात. दात निखळलेल्या अवस्थेत चाक चालवणे तर कटाक्षाने टाळले पाहिजे.

ही सर्व तपासणी इंजिन बंद करून, किल्ली काढून, छोट्या पेट्रोल यंत्रात स्पार्क प्लगची तार सोडवून आणि चाक पूर्ण थांबल्यावरच करावी, कारण इंजिन बंद झाल्यानंतरही जड चाक काही काळ फिरत राहते. फुटलेला कार्बाइडचा तुकडा किंवा दाताने उडवलेला दगड दूरवर इजा करू शकतो. म्हणून यंत्राचे संरक्षक आवरण व पडदे जागेवर असावेत आणि आसपास कोणालाही उभे राहू देऊ नये. जमीन पाहून दात निवडणे, तो पूर्ण बोथट होण्याआधी पाजवणे आणि रोज काम सुरू करण्यापूर्वी प्रत्येक बोल्ट हाताखालून घालणे, या तीन सवयी ज्याने लावून घेतल्या, त्याचे यंत्र अधिक वर्षे चालते आणि ते चालवणारा माणूसही सुरक्षित राहतो.