सर्व्हर रॅक : वीजपुरवठा व तारजोडणी

अनेक संगणकांना माहिती व सेवा पुरविणारी सर्व्हर यंत्रे ज्या उभ्या धातूच्या चौकटीत एकावर एक बसवितात, तिला सर्व्हर रॅक म्हणतात. यंत्राच्या दर्शनी पट्टीची प्रमाणित रुंदी १९ इंच (४८२·६ मिमी.) असून उंची ४४·४५ मिमी. या एककाच्या पटीत मोजतात. ४२ एककांची चौकट विशेष प्रचारात आहे.

वीजपुरवठा : महत्त्वाच्या सर्व्हरमध्ये दोन वीजसंच (प्रत्यावर्ती म्हणजे उलटसुलट दिशेने वाहणाऱ्या प्रवाहाचे एकदिश प्रवाहात रूपांतर करणारे भाग) असतात. त्यांच्या तारा दोन निरनिराळ्या वितरणपट्ट्यांना व त्या पट्ट्या दोन स्वतंत्र पुरवठ्यांना जोडतात. सामान्यतः भार दोहोंत विभागला जातो. एक पुरवठा खंडित होताच तो सर्व दुसऱ्यावर येतो. म्हणून प्रत्येक पुरवठ्यास एकट्याने संपूर्ण भार पेलता आला पाहिजे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत् संहितेनुसार तीन तास वा अधिक काळ चालणारा भार सर्वसाधारणपणे मंडल खंडकाच्या (प्रवाह मर्यादेबाहेर गेल्यास मंडल आपोआप तोडणाऱ्या साधनाच्या) क्षमतेच्या ८०% पर्यंतच ठेवतात. हे प्रमाण धरल्यास १६ अँपिअरच्या दोन पट्ट्यांवरील एकूण भार १२·८ अँपि., म्हणजे प्रत्येकीवर सु. ६·४ अँपि. असावा. प्रत्येकीवर १० अँपि. भार असता दोन्ही सुरक्षित भासतात; परंतु एक बंद पडताच दुसरीवर २० अँपि. येऊन कालांतराने तिचाही खंडक मंडल तोडतो व सर्व यंत्रे थांबतात. हा दोष नित्य वापरात दिसून येत नाही. तो शोधण्यासाठी पट्ट्यांवरील प्रवाह नियमितपणे मोजतात आणि यंत्रे सेवेत आणण्यापूर्वी एकेक पुरवठा मुद्दाम बंद करून पाहतात.

पुरवठा पूर्ववत होण्याचा क्षणही धोक्याचा असतो. सर्व वीजसंच एकदम सुरू झाल्यास नेहमीच्या कित्येक पट प्रवाह क्षणभर वाहतो. यासाठी यंत्रे टप्प्याटप्प्याने सुरू करतात. २७ मे २०१७ रोजी ब्रिटिश एअरवेजच्या माहिती केंद्राचा पुरवठा तुटला व अनियंत्रितपणे परत आल्याने यंत्रांची हानी झाली, असे कंपनीने सांगितले; सु. ७५,००० प्रवाशांचा प्रवास विस्कळित झाला.

अर्थिंग : वीजसंचातील गाळणी मंडलांमुळे अल्प प्रवाह जमिनीकडे सतत गळत असतो. प्रत्येकी १ मिलिअँपि. धरल्यास २० संचांची गळती २० मिलिअँपि. होते. सामाईक अर्थिंगची तार तुटल्यास हा प्रवाह चौकटीला स्पर्श करणाऱ्याच्या शरीरातून जाऊ शकतो. एवढ्या प्रवाहाने स्नायू आखडून पकड सुटेनाशी होते. म्हणून चौकट स्वतंत्र जाड तारेने अर्थिंगला जोडतात.

तारजोडणी : विजेच्या तारा चौकटीच्या एका बाजूने व माहितीवाहक तारा दुसऱ्या बाजूने नेतात, त्या एकमेकींना ओलांडतात तेथे काटकोन ठेवल्यास विद्युतीय व्यत्यय कमी होतो. पिळाच्या तांब्याच्या जोडतारांची एकूण लांबी सामान्यतः १०० मी. पेक्षा जास्त नसते. प्रकाशीय तंतू तीव्र वळणाने वाकविल्यास संदेश क्षीण होतो. मागील बाजूस तारांची गर्दी झाल्यास गरम हवा बाहेर पडत नाही. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना खूणचिठ्ठी लावणे आवश्यक असते, कारण दुरुस्तीपूर्वी यंत्राच्या दोन्ही वीजतारा काढाव्या लागतात. एकच काढल्यास यंत्रात विद्युत् दाब कायम राहतो व चुकीची काढल्यास चालू यंत्र बंद पडते.