गाय-म्हशींतील वंध्यत्व : आधी निदान, मग उपचार

दुग्धव्यवसायाचे अर्थकारण जनावराच्या वेळेवर गाभण राहण्यावर अवलंबून असते. दोन वेतांतील अंतर गाईत १२ ते १३, तर म्हशीत १३ ते १४ महिने असावे. एक माज वाया गेला, की सुमारे २१ दिवसांच्या चारा-खुराकाचा भार पशुपालकावर पडतो. मात्र ‘गाभण राहत नाही’ हे केवळ लक्षण आहे. त्यामागील कारण जनावरागणिक वेगळे असते.

माजावर न येणे ही पहिली तक्रार. निकृष्ट आहार, जंतांचा प्रादुर्भाव व खनिजांची कमतरता ही तिची नेहमीची कारणे होत. म्हशींमध्ये, विशेषतः उन्हाळ्यात, मुका माज आढळतो. तो पहाटे व रात्रीच्या निरीक्षणाविना लक्षात येत नाही. काही वेळा जनावर आधीच गाभण असते.

वारंवार उलटणे ही दुसरी तक्रार. माजचक्र नियमित असूनही तीन किंवा अधिक वेळा रेतन करून गर्भधारणा न झाल्यास रेतनाची चुकलेली वेळ, गर्भाशयदाह अथवा स्त्रीबीज उशिरा सुटणे यांचा शोध घ्यावा. माजातील बळस काचेसारखा स्वच्छ असावा. तो गढूळ वा पूमिश्रित असल्यास रेतन टाळून पशुवैद्यकाकडून तपासणी करावी.

उपचाराची निवड या निदानावरच ठरते. अशक्त जनावरास संतुलित आहार, जंतनाशक व दररोज सुमारे ५० ग्रॅम खनिज मिश्रण यांची गरज असते. केवळ संप्रेरकाच्या इंजेक्शनाने तेथे लाभ होत नाही. प्रोस्टाग्लँडिन हे संप्रेरक बीजांडकोषावर कार्यक्षम पीतपिंड असेल तरच उपयोगी पडते. गाभण जनावरास ते दिल्यास गर्भपात होऊ शकतो, म्हणून गर्भतपासणी आधी झालीच पाहिजे. गर्भवती महिलांनी व दमेकऱ्यांनी हे औषध हाताळू नये.

सकाळी माज दिसल्यास सायंकाळी आणि सायंकाळी दिसल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करावे. जुळ्यांत नर वासरासोबत जन्मलेली कालवड बहुधा जन्मजात वंध्य असते. तिची तपासणी लवकर केल्यास निष्फळ उपचारांचा खर्च वाचतो.

विण्याची, माजाची व रेतनाची तारीख, तसेच वार वेळेवर पडली की नाही, याची नोंद प्रत्येक गोठ्यात ठेवावी. विस्तार कार्यकर्त्यांनी पशुपालकास प्रथम ही नोंदवही मागावी. पशुवैद्यकाचे निदान तेथूनच सुरू होते.