कपाशीवरील किडींचे छायाचित्र आणि मेगापिक्सेलचा खरा अर्थ

पावसाळ्यात कपाशीवर रस शोषणाऱ्या किडी दिसू लागल्या की नागपूर भागातील अनेक शेतकरी पानाचे छायाचित्र मोबाईलवरून कृषी कार्यकर्त्याकडे पाठवितात व सल्ला मागतात. फवारणीचा निर्णय मात्र किडींच्या मोजणीवर अवलंबून असतो. उदाहरणार्थ, पानामागे सरासरी 10 फुलकिडे आढळल्यास फवारणी करावी असे मानले जाते. फुलकिडा जेमतेम 1 मिलिमीटर लांबीचा असतो. छायाचित्रात तो मोजता आला नाही, तर औषधाचा खर्च वाया जातो किंवा उपायास उशीर होतो. म्हणून कॅमेऱ्याला खरोखर किती बारीक दिसते, हे जाणून घेणे आवश्यक आहे.

कॅमेऱ्यात भिंगामागे सिलिकॉनचा लहानसा संवेदक असतो. शेतात वाफे पाडावेत त्याप्रमाणे त्यावर लक्षावधी सूक्ष्म घरे असतात. पर्जन्यमापकात पाणी साठते, तसा प्रत्येक घरात प्रकाश मोजला जातो. अशी 10 लक्ष घरे म्हणजे 1 मेगापिक्सेल होय.

या घरांना प्रकाश किती हे कळते, रंग कळत नाही. याकरिता ब्राइस बेयर यांच्या पद्धतीनुसार (पेटंट 1976) निम्म्या घरांवर हिरवी, पाव घरांवर तांबडी व पाव घरांवर निळी गाळणी बसवितात. प्रत्येक घरातील उरलेले दोन रंग शेजारच्या घरांवरून अनुमानाने भरले जातात. त्यामुळे प्रत्यक्ष बारकावा आकड्यापेक्षा काहीसा कमीच मिळतो. फोव्हिऑन या दुसऱ्या प्रकारच्या संवेदकात एकाच जागी तीन थर तिन्ही रंग मोजतात. 2002 साली आलेल्या सिग्मा एसडी 9 कॅमेऱ्यात सुमारे 34 लक्ष जागा होत्या. तीन थर धरून तोच आकडा 1 कोटीच्या वर सांगितला जाई. 48 मेगापिक्सेलच्या अनेक मोबाईलमध्ये तर शेजारची चार घरे एकाच रंगाच्या गाळणीखाली असतात व त्यांचे मिळून एक घर धरून 12 मेगापिक्सेलचे चित्र तयार होते. यावरून केवळ आकडा पाहून कॅमेऱ्याची पारख करणे योग्य नाही, हे ध्यानात येईल.

आता हिशेब पाहू. 12 मेगापिक्सेलच्या चित्रात रुंदीला 4000 बिंदू असतात. चौकटीत 20 सेंटिमीटर रुंदीचा भाग घेतल्यास फुलकिड्याच्या लांबीत 20 बिंदू येतात. तेच उभ्या पिकाचे 8 मीटर रुंदीचे चित्र घेतल्यास एक बिंदू 2 मिलिमीटर जागा व्यापतो आणि फुलकिडा मुळीच ओळखू येत नाही.

यास्तव छायाचित्र घेताना पुढील गोष्टी पाळाव्यात :

1. पानाची खालची बाजू चौकट भरून घ्यावी. चित्र अस्पष्ट दिसल्यास मोबाईल थोडा मागे न्यावा.
2. भरपूर पण सौम्य उजेडात, हात स्थिर ठेवून छायाचित्र घ्यावे. भिंग आधी पुसून घ्यावे.
3. पडद्यावर बोटांनी चित्र मोठे करून घेऊ नये. त्याने बहुधा बारकावा वाढत नाही.
4. पानाशेजारी मोजपट्टी ठेवावी.
5. व्हॉट्सअॅपवर चित्र डॉक्युमेंट म्हणून पाठवावे. अन्यथा त्यातील बिंदू कमी केले जातात.

छायाचित्राने कीड ओळखण्यास मोठे साहाय्य होते. तथापि एका पानाचे चित्र म्हणजे संपूर्ण शेत नव्हे. शेतात फिरून निरनिराळ्या झाडांची वरची, मधली व खालची पाने तपासावीत आणि मगच फवारणीचा निर्णय घ्यावा.