उभ्या आसाची पवनचक्की

कागदी भिंगरी वाऱ्याकडे तोंड केल्यावाचून फिरत नाही, हे मुलांना ठाऊक असते. उभ्या आसाच्या चक्कीबद्दल मात्र एखादा चाणाक्ष विद्यार्थी हमखास विचारील, "गुरुजी, वारा जर दोन्ही बाजूंची पाती ढकलतो, तर चक्की फिरते कशी?" "वाऱ्याने फिरते" एवढेच उत्तर दिल्यास त्याची जिज्ञासा तेथेच मावळेल.

या प्रश्नाची तीन उत्तरे मनुष्याने शोधली आहेत. ईशान्य इराणमधील नश्तिफान गावच्या जुन्या चक्क्यांत वाऱ्याविरुद्ध येणाऱ्या पात्यांना भिंतीचा आडोसा केलेला आहे. वारा ठरावीक दिशेने वाहतो तेथेच ही युक्ती चालते. फिनलंडच्या सिगुर्ड सॅव्होनियस यांनी १९२० नंतरच्या दशकात नळीचे दोन उभे अर्धभाग विरुद्ध तोंडांनी बसविले. खोलगट बाजूवरील रेटा फुगीर बाजूवरील रेट्याच्या सुमारे दुप्पट असतो. म्हणून कोणत्याही दिशेच्या वाऱ्यात ही चक्की फिरते. परंतु मुख्यतः रेट्यावर चालणारे पाते वाऱ्याहून फारसे वेगाने धावू शकत नाही.

तिसरे उत्तर फ्रान्सच्या जॉर्ज डॅरियस यांचे. त्यांना १९३१ साली अमेरिकेत एकस्व मिळाले. आडव्या वाऱ्यात धावणाऱ्या मुलाला वारा समोरून तिरपा लागतो; तसाच तो वेगाने फिरणाऱ्या पात्यालाही लागतो. पाते विमानाच्या पंखासारखे घडविलेले असल्याने या तिरप्या वाऱ्याशी काटकोनात उचल निर्माण होते. त्या उचलीचा काही अंश पात्यास पुढे ओढतो. त्यामुळे पाते वाऱ्याच्या कित्येक पट वेगाने धावते.

या गुणातच दोष दडलेला आहे. चक्की स्थिर असता ही ओढ अत्यल्प असते. म्हणून तिला बहुधा प्रारंभी बाहेरून गती द्यावी लागते. शिवाय प्रत्येक फेऱ्यात पात्यावरील ताण दोनदा वाढतो व दोनदा ओसरतो; त्याने धातू थकतो. कॅनडातील क्वेबेक प्रांतात कॅप-शा येथे उभारलेली सुमारे ११० मीटर उंचीची अशी चक्की १९९३ साली खालच्या धारव्यात बिघाड झाल्याने बंद पडली.

शिक्षकांनी जाड कागदाची नळी उभी कापून, तिचे अर्धभाग विरुद्ध तोंडांनी व किंचित सरकवून जोडावेत आणि तारेवर फिरते ठेवावेत. नंतर वर्गाला प्रश्न विचारावा. उत्तर मात्र मुलांनाच शोधू द्यावे.