गोळी नामांकित, घडविणारी अपरिचित

बाजारात पत कशी बनते हे व्यापारी बांधवांना आम्ही काय सांगावे! चार पेढ्यांवर नाव निघाले की माणूस पतीचा ठरतो. शास्त्रज्ञांच्या जगातही असाच रिवाज आहे. शोधनिबंध लिहिणारा, आपण कोणाच्या कामाचा आधार घेतला ते अखेरीस नमूद करतो. असे उल्लेख मोजता यावेत म्हणून अमेरिकेतील युजीन गारफिल्ड यांनी १९६४ मध्ये ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ ही सूची काढली. ज्याचे उल्लेख जास्त, त्याचे वजन जास्त. नेमणूक आणि बढती देतानाही पुष्कळ ठिकाणी हा आकडा पाहिला जातो.

मात्र या वहीत प्रत्यक्ष माल घडविणाऱ्याचे नाव मागे पडू शकते. स्तनाच्या कर्करोगावरील टॅमॉक्सिफेन या गोळीची हकीकत त्यासाठी पाहण्यासारखी आहे.

इंग्लंडमधील आयसीआय ही त्या काळची मोठी रसायन कंपनी. चेशायर परगण्यातील तिच्या प्रयोगशाळेत डोरा रिचर्डसन या रसायनतज्ज्ञ बाईंनी १९६२ मध्ये एक नवे संयुग तयार केले. दप्तरी क्रमांक ४६,४७४. काम नाजूक होते. या संयुगाची दोन रूपे निघत. अणू तेच, मांडणी निराळी. उंदरांवर पाहिले तर एक रूप इस्ट्रोजेन या संप्रेरकाला अडवी, दुसरे स्वतःच इस्ट्रोजेनसारखे वागे. दोन्ही वेगळी केल्याखेरीज औषध होणे शक्य नव्हते. ही निवड-पाखड बाईंनी बेडफर्ड या सहकाऱ्यासह केली आणि १९६६ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात तिचा छोटा निबंधही दिला.

कंपनीला हवी होती गर्भनिरोधक गोळी. उंदरांत ती लागू पडली, पण स्त्रियांत उलट बीज सुटण्यास मदत करू लागली. तो धंदा बसला. मात्र काही स्तनकर्करोग इस्ट्रोजेनवर वाढतात, तेथे हीच गोळी इस्ट्रोजेनची जागा अडवून बसते. मँचेस्टरच्या ख्रिस्टी रुग्णालयाने ४६ रुग्णांवरील अनुभव १९७१ मध्ये छापला. १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये ‘नोल्वाडेक्स’ नावाने गोळी विक्रीस आली, १९७७ मध्ये अमेरिकेने मान्यता दिली. ज्यांची गाठ इस्ट्रोजेनला दाद देते, अशा रुग्णांनी पाच वर्षे ही गोळी घेतल्यास पंधरा वर्षांतील कर्करोगाचे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटतात, असे २०११ मध्ये अनेक चाचण्यांच्या एकत्रित हिशेबातून दिसले.

आता नावांकडे पाहू. संयुगाच्या गुणांवरील १९६६ व १९६७ च्या निबंधांवर हार्पर आणि वॉलपोल यांची नावे आहेत. पुढे क्रेग जॉर्डन यांनी यावर उभे आयुष्य वेचले. ‘टॅमॉक्सिफेनचे जनक’ म्हणून जग त्यांना ओळखते. त्यांचे श्रेय वाजवीच आहे. पण रुग्णावरील परिणाम लिहिणारा सहसा संयुग कसे बनले इथपर्यंत मागे जात नाही. त्यामुळे रिचर्डसन बाईंचे नाव थोड्यांनाच ठाऊक.

तरी ते पुसले गेले नाही, याचे कारण कागद. १९६२ साली अर्ज केलेल्या ब्रिटिश पेटंटवर हार्पर, रिचर्डसन, वॉलपोल अशी तिन्ही नावे आहेत. शिवाय १९८० मध्ये बाईंनी या औषधाचा इतिहास स्वतः लिहून ठेवला.

आमच्या कारागीर बांधवांनी यातून एवढे घ्यावे. नवी कृती किंवा नवे यंत्र आपल्या हातून घडले, तर तारखेसह लिहून ठेवावे. मालक पेटंट घेत असेल तर त्यावर आपले नाव घालण्याचा आग्रह धरावा. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम २८ मध्ये तशी सोय आहे. त्याने मालकी मिळत नाही, पण हे कोणी घडविले याची नोंद राहते. आणि मालक बांधवांनी ते नाव स्वतःहून घालावे. त्यात नफा रुपयाने घटत नाही, आणि चांगला कारागीर पेढी सोडून जात नाही.