घोड्याच्या नाकातून शेंबूड गळतो तेव्हा

माणसाचे नाक चोंदले तर तो तोंड उघडे टाकून रात्र काढतो. घोड्याला ती सोय नाही. त्याच्या मऊ टाळूची ठेवणच अशी असते की श्वास नाकावाटेच चालतो. त्यामुळे घोड्याचे नाक गळू लागले तर "सर्दी आहे, जाईल आपोआप" असे म्हणून स्वस्थ बसणे बरे नव्हे.

मी माणसांचा डॉक्टर. गेल्या लग्नसराईत वरातीची घोडी बाळगणारे एक गृहस्थ जव्हारला माझ्याकडे स्वतःच्या खोकल्यासाठी आले आणि उठता उठता विचारते झाले, "डॉक्टर, हीच कॅप्सूल घोडीला चालेल का?" मुळीच नाही! काही प्रतिजैविके घोड्याच्या पोटात गेली की आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि जीवघेणी हगवण लागते.

आधी बघायचे ते एवढेच, की शेंबूड एका नाकपुडीतून येतो की दोन्ही. एकाच बाजूने पिवळा, घाण वास मारणारा स्राव येत असेल तर संशय सायनसवर, म्हणजे चेहऱ्याच्या हाडांतल्या पोकळ्यांवर घ्यावा. घोड्याच्या वरच्या जबड्यातल्या मागच्या दाढांची मुळे या पोकळीतच असतात. दाढ किडली किंवा चिरली की पू तिथे साचतो. माणसातही वरच्या दाढेमुळे एका बाजूचा सायनस बिघडतो. अशा रुग्णाला मी दातांच्या डॉक्टरांकडे पाठवतो. पशुवैद्य गालाच्या हाडावर बोटाने ठोकून पाहतात. पोकळी भरलेली असली तर आवाज बद्द येतो. मग एक्स-रे आणि नाकातून दुर्बीण. नुसत्या इंजेक्शनांनी हा पू फारसा हटत नाही. खराब दाढ काढावी लागते आणि हाडाला लहान भोक पाडून पोकळी मिठाच्या निर्जंतुक पाण्याने धुवावी लागते. ऐकायला भयंकर वाटते, पण गुंगीचे औषध व भूल देऊन घोडा उभा असतानाच हे करतात.

दोन्ही नाकपुड्या वाहत असतील, ताप असेल आणि जबड्याखाली गाठ आली असेल तर तो बहुधा स्ट्रँगल्स. तो एका घोड्याकडून दुसऱ्याकडे बादली, लगाम, हात यांवरून जातो. जनावर वेगळे बांधावे, त्याची बादलीही वेगळी ठेवावी. नाकातून रक्त येणे ही वेगळीच गोष्ट. घोड्याच्या कानामागे, घशाजवळ हवेच्या पिशव्या असतात. तिथे बुरशी वाढून रक्तवाहिनी कुरतडली गेली तर आधी थोडेसे रक्त दिसते आणि काही दिवसांनी एकदम मोठा रक्तस्राव होतो. थोडे रक्त दिसले त्याच दिवशी पशुवैद्याला बोलवावे.

आमच्या भागात पावसाळ्यात चारा ओला होऊन बुरसतो. तो घालू नये. धूळ असलेले वाळके गवत भिजवून द्यावे, आणि चारा उंच गव्हाणीत न ठेवता जमिनीलगत ठेवावा. मान खाली राहिली की नाकातला स्राव आपोआप बाहेर पडतो.

माणसांच्या डॉक्टरने या विषयावर लिहावे याचे खरे कारण ग्लँडर्स. हा जंतुजन्य रोग घोडा, गाढव, खेचर यांना होतो आणि त्यांच्यापासून माणसालाही होऊ शकतो. नाकात फोड व व्रण, चिकट स्राव, कातडीवर ओळीने गाठी, जनावर खंगत जाणे ही लक्षणे. महाराष्ट्रात 2006 साली त्याचा पुन्हा उद्रेक झाला होता. यावर लस नाही. रक्ताचे नमुने हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात तपासतात, आणि रोग ठरला तर उपचार न करता जनावराला वेदनारहित मरण देतात. पोटापाण्याचे साधन असलेली घोडी अशी जाणे मालकाला किती जड जात असेल हे मी समजू शकतो, म्हणूनच लोक लपवतात. पण 2009 च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांच्या कायद्यानुसार हे कळवणे मालकावर बंधनकारक आहे. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जावे किंवा 1962 या क्रमांकावर फोन करावा.

असे नाक पुसताना हातमोजे घालावेत, हातावर जखम असेल तर जवळ जाऊच नये. घोड्यांत वावरणाऱ्याला ताप, छातीत दुखणे किंवा न भरणारे फोड झाले तर डॉक्टरांना आधी घोड्याचे सांगावे. माणसाला औषध आहे, पण ते बरेच महिने घ्यावे लागते; शिवाय रक्त ज्या प्रयोगशाळेत जाते तिथल्या लोकांनाही संशय आधी कळवावा लागतो, कारण हा जंतू त्यांनाही लागू शकतो.